कब तासाला किती पेट्रोल पितं: मोजून काढताना आलेला अनुभव

आमच्या कबसोबत, म्हणजे तिघांत मिळून घेतलेल्या छोट्या जुन्या विमानासोबत, आधीच्या मालकाची एक वही आली होती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: 'तासाला 4 गॅलन'. कधी मोजलं, कोणत्या आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मोजलं, काही पत्ता नाही. मी तिसरा भागीदार म्हणून आलो तेव्हा पंपावरच्या पावत्या पाहिल्या आणि त्या या आकड्याशी काही केल्या जुळेनात. 12 गॅलनच्या टाकीला 4चा भागाकार केला तर तीन तास. पण खरं पिणं 5चं असेल तर हातात अडीच तासही उरत नाहीत. म्हटलं, आधी हे मोजू, मग लांबचं बघू.

विमान 1946चं पायपर जे-3 कब, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लॉक हेवनच्या कारखान्यातून निघालेलं, आणि आजही त्याच राज्यातल्या एका गवती धावपट्टीवर नांदणारं. इंजिन कॉन्टिनेंटलचं ए-65, चार सिलिंडर, 65 अश्वशक्ती. (आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून एके काळी शिकाऊ पायलट ज्या 'पुष्पक'वर हात बसवत, त्यातही याच घराण्याचं 90 अश्वशक्तीचं इंजिन असे.) बॅटरी नाही, स्टार्टर नाही, फ्युएल पंप नाही. टाकी पॅनेलच्या पुढे, कार्ब्युरेटरपेक्षा उंच. पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. गेज म्हणजे टाकीत तरंगणारा एक फ्लोट आणि त्याला जोडलेली तार. तार झाकणाच्या भोकातून वर डोकावते, मागच्या सीटवरून काचेपलीकडे दिसते, आणि पेट्रोल संपत जाईल तशी बुटकी होत जाते. तिच्यावर आकडे-बिकडे काही नाहीत.

साताऱ्याचा मावसभाऊ फोनवर पहिलाच प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देतं?" त्याला सांगून दमलो की इथे मैलाचा हिशोब चालत नाही. कब ताशी 75 मैलांनी जातं. समोरून 20 मैलांचा वारा असेल तर जमिनीवर उरतात 55, आणि खालच्या हायवेवरचे ट्रक खुशाल पुढे निघून जातात. इंजिन मात्र तासाला पितं तेवढंच पितं. म्हणून गॅलन भागिले तास.

पाइपात फ्लो मीटर, म्हणजे वाहतं पेट्रोल मोजणारं यंत्र, बसवायचा विचार एका भागीदारानं काढला होता. पण नुसत्या उतारावर चालणाऱ्या लाइनमध्ये काहीही अडथळा घालायला मी तयार नव्हतो. वर त्याला बॅटरी हवी, मंजुरीची कागदपत्रं हवीत. तो विषय तिथेच मिटला.

पहिलं काम तारेचं. टाकी पूर्ण रिकामी केली, अर्थात हँगरबाहेर, धातूच्या डब्यात आणि अर्थिंगची वायर लावून. कब चाकांवर उभं असतं तेव्हा नाक वर आणि शेपूट खाली असते. त्यामुळे जमिनीवर तार एक सांगते, हवेत दुसरंच. शेपटी घोडीवर चढवून विमान उडताना असतं तसं आडवं केलं आणि एकेक गॅलन ओतत गेलो. डबा आधी वजनानं तपासून घेतला होता. ॲव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, गॅलन साधारण 6 पौंड भरतो. प्रत्येक गॅलनला तारेची उंची फुटपट्टीनं मोजून वहीत लिहिली, मग शेपटी खाली घेऊन तेच पुन्हा. आमच्या विमानात तार झाकणाला टेकते तेव्हाही टाकीत गॅलनभराहून थोडं जास्त असतं, आणि टाकी गच्च भरल्यावर पहिला गॅलन संपेपर्यंत तार ढिम्म हलत नाही. म्हणजे सगळं ठीक असतानाही ती खोटा धीर देते आणि शेवटी उगाच घाबरवते. दुसऱ्याच्या कबमध्ये हे आकडे वेगळे येतील, तेव्हा आमचे उतरवून घेऊ नयेत.

मग खरं मोजमाप, गळ्यापर्यंत भरून गळ्यापर्यंत: टाकी गच्च भरायची, उडायचं, पुन्हा तेवढीच भरायची; जेवढं मावलं तेवढं जळालं. ऐकायला सोपं आहे, पण सगळी गोम भरण्यात. तोच पंप, तीच जागा, चाकांखाली खडूच्या खुणा, तोंड त्याच दिशेला. नळी काढल्यावर फेस बसेपर्यंत थांबायचं, मग पेट्रोल गळ्याच्या खालच्या कडेला लागेपर्यंत थेंब थेंब सोडायचं. उन्हाळ्यात भरून ठेवायचं नाही: जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल उन्हात 20 अंशांनी तापलं की दोन टक्के फुगतं, म्हणजे जवळपास पाव गॅलन, आणि झाकणाच्या भोकातून निळा ओघळ काउलिंगवर (इंजिनाच्या झाकणावर) उतरतो. त्यामुळे भरलं की लगेच हातानं पंखा फिरवून इंजिन सुरू करायचं. वेळ घड्याळावर, इंजिन सुरू ते इंजिन बंद.

छोट्या फेरीत हे जमत नाही. दोन गॅलन जाळून भरण्यात पाव गॅलनची चूक झाली तर आकडा बारा टक्क्यांनी हुकला. म्हणून दीड-पावणेदोन तासांची उड्डाणं केली, आरपीएम 2150वर खिळवून, आणि शेवटी सगळे गॅलन व सगळे तास एकत्र करून भागाकार केला.

आला 5.1.

कागदावरचा अंदाज वेगळा होता. 2150 आरपीएमला साधारण 75 टक्के शक्ती लागते; 65ची 75 टक्के म्हणजे 49 अश्वशक्ती. अशी इंजिनं दर अश्वशक्तीला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल घेतात. म्हणजे साडेचोवीस पौंड, चार गॅलनच्या किंचित वर. आमच्या कार्ब्युरेटरचं मिक्श्चर कंट्रोल (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण बदलायची सोय), बऱ्याच कबमध्ये असतं तसंच, तार बांधून बंद केलेलं आहे, त्यामुळे लीन करता, म्हणजे पेट्रोल कमी करता, येत नाही आणि थोडं जास्त जाणारच. पण अख्खा गॅलन?

आकडे घेऊन मेकॅनिककाकांकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं मोजकं. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही, एक्झॉस्टच्या तोंडात बोट फिरवून काळं झालेलं बोट मला दाखवलं. "आयडलला धडधडतं?" धडधडत होतं, आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो. स्पार्क प्लग काढले तर काजळीनं माखलेले. दोष निघाला प्रायमरमध्ये. थंड इंजिन सुरू करताना सिलिंडरकडे पेट्रोल मारायचा हा छोटा हातपंप; त्याच्या आतल्या ओ-रिंग झिजल्या होत्या, आणि दांडा लॉक केलेला असूनही इंजिन त्या वाटेनं सतत पेट्रोल ओढत होतं. काही डॉलरच्या रबरी रिंगा. काकांनी बदलल्या, लॉगबुकात नोंद केली, आणि आम्ही सगळं मोजमाप पुन्हा केलं.

आता 4.4, म्हणजे साडेसोळा लिटरच्या थोडं वर. आयडलही सुधारलं.

हात लागलेच होते म्हणून इतर प्रकारही मोजले. 2300 आरपीएमला नेलं तर आकडा पाचच्या पुढे जातो आणि वेग वाढतो जेमतेम पाच मैलांनी. पंख्याला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनानं वाढते, त्याचा हा परिणाम. सर्किट मारताना, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या घालत पुन्हा पुन्हा उतरताना, मात्र चारच्याही खाली आलं. क्लबात सगळे म्हणायचे, टेकऑफ-लँडिंग महाग पडतं. अहो, अर्धा वेळ तर थ्रॉटल बंद करून घसरतच असतो आपण!

वहीत पेन्सिलीच्या ओळीखाली आता तिन्ही आकडे आहेत, तारखेसकट. आखणीसाठी मात्र आम्ही 5 धरतो. अमेरिकेतल्या नियमानुसार दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल राखून ठेवावं लागतं. आम्ही तिघांनी ते एक तास ठरवलंय. म्हणजे निघाल्यापासून सव्वा तास झाला की पंप असलेली धावपट्टी शोधायची, तार कितीही वर दिसत असली तरी.