तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरू रात्रभर कोरडं राहिलं तर

"लेकरू रात्रभर कोरडं राहिलं, काळजी करायची का?" गल्लीतल्या पोरी विचारतात, माहेरच्या भावजया फोनवर विचारतात. आणि ज्यांना उत्तर नकोच असतं त्या असं विचारतात, "काहून वं, रातच्यान् सारखा लंगोट चाचपत राहतं?"

सगळ्यांना तासांचा आकडा हवा असतो. तो मी देईन, पण आधी 2019 च्या मे महिन्यातली ती रात्र ऐकून घ्या.

नवतपा लागला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या दिवसांत दुपारी बाहेर कुत्रंही दिसत नाही. माझा मुलगा आठ महिन्यांचा. आदल्या दिवशी आम्ही त्याला घेऊन लग्नाला जाऊन आलो होतो. दुपारपासून त्याला पातळ शी सुरू झाली. पाच-सहा वेळा, शिवाय दोनदा उलटी. लंगोट इतके पाणीदार भरायचे की शी कुठली आणि सू कुठली ते कळायचंच नाही. मी सगळे ओलेच धरत होते. आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट घरात होतं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम घालायचं, हे त्यांनी मला नीट सांगितलं होतं. मी चिमूटभर पावडर वाटीभर पाण्यात कालवली आणि उरलेलं पाकीट दुमडून फळीवर ठेवलं. वाया जाईल म्हणून.

संध्याकाळी जुलाब थांबले. नऊला तो झोपला. मधे दोन तास लाईन गेली, मग आली.

पहाटे पाचला मी हात घातला. लंगोट कोरडा होता.

सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे त्याले. रातभर कोरडं राह्यलं, शहाणं झालं लेकरू." आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. जुलाब थांबले, लेकरू कोरडं झोपलं, म्हणजे आता उतार पडला असं मी धरून चालले.

मग मनात आलं, ओला होऊन कूलरच्या वाऱ्यात वाळला असेल. आमच्याकडे मे महिन्यात पिळून टाकलेलं दुपटं चहा होईस्तोवर वाळतं. पण वाळलेल्या लंगोटाला वास राहतो, पिवळट कड राहते. मी तो सोडून नाकाशी धरला. नुसता साबणाचा वास आला. तरीही मी अर्धा तास तिथेच बसून राहिले. त्या अर्ध्या तासाचं काय करू, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, घरात सगळे झोपलेले, सकाळी सकाळी कोणाला उठवू असं वाटलं, हे सगळं खरं आहे. पण लंगोट माझ्या हातात होता, हेही खरंच आहे.

उजाडल्यावर तो कण्हत उठला. रडायला लागला तर डोळ्यांत पाणीच येईना. ओठ चिकटलेले, टाळू खाली बसलेली. सासूबाईंनी टाळूवर तेल भरलं, मीठ-मोहरी उतरवली. त्यांच्यावर मी आजही बोट ठेवत नाही. त्यांनी पाच लेकरं वाढवली आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पण टाळू बसते ती अंगातलं पाणी कमी होऊन, वरून तेल भरून ती वर येत नाही.

मोटरसायकलवर ओल्या दुपट्यात गुंडाळून आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरनी त्याच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली. तिची वळी तशीच उभी राहिली आणि सावकाश बसली. मग त्यांनी विचारलं, "शेवटची सू कधी केली?"

मला सांगता आलं नाही. आठ महिने त्याचे लंगोट मी धुतले होते, आणि मला सांगता आलं नाही.

सलाईन लावली नाही. एक लिटर पाण्यात पाकीट कालवून वाटी-चमचा माझ्याच हातात दिला. वजन आठ किलो, चार तासांत सहाशे मिली, थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आणखी सावकाश. तो चमचा दातांत धरून ठेवत होता, इतकी तहान. मधे मधे अंगावरही पाजायला लावलं. साडेदहाच्या सुमारास माझ्या मांडीवर एकदम ऊन-ऊन लागलं आणि साडी भिजली. मी ओरडलेच. घरी पाठवताना चौदा दिवस द्यायला झिंकच्या गोळ्या दिल्या.

"नुसतं पाणीच पाजलं? सलाईन काहून नाही लावली?" असं अजून विचारतात. 1971 साली पश्चिम बंगालमध्ये बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. लेकरू पिऊ शकत असेल तर हेच औषध. पीतच नसेल, निपचित पडलं असेल, तर मात्र सलाईन लागते, आणि तेव्हा चमच्यात वेळ घालवू नये.

आता तुमचा आकडा. पाच-सहा दिवसांचं झाल्यापुढे अंगावरच्या लेकराचे दिवस-रात्र मिळून सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. नवजात रात्रभर कोरडं राहिलं तर ते शहाणपण नाही, त्याला उठवून पाजा आणि दाखवा. उन्हाळा आहे म्हणून सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी देऊ नका, अंगावर जास्त वेळा घ्या. वर्षाच्या आसपासचं लेकरू खेळतंय, पितंय, आणि सकाळी उठल्यावर भरपूर सू करतंय, तर सात-आठ तासांची कोरडी रात्र चालते. पण जुलाब, उलटी किंवा ताप असेल आणि सहा तासांत सू नाही, तर उजाडायची वाट पाहू नका. डायपर असेल तर हाताने दाबून भागत नाही, तो ओल आत ओढून घेतो. कोऱ्या डायपरशेजारी तोलून बघा.

इतकं कळतं, तर मग मी निवांत असायला हवी. तशी मी नाही. धाकटी दहा महिन्यांची असताना एकदा रात्रभर कोरडी राहिली, आणि मी पहाटे तीनला सगळं घर उठवून तिला दवाखान्यात नेलं. ताप नाही, जुलाब नाही. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या तिने सू केली. नवरा वाटेत एक शब्द बोलला नाही. तेव्हा माझं चुकलं, असं सगळे म्हणतात. चुकलं असेल. पण पहिल्या वेळी मी बसून राहिले होते, आणि त्याबद्दल मला कोणीच काही म्हटलं नव्हतं.

धाकटी आता सव्वा वर्षाची आहे. बहुतेक रात्री कोरडीच राहते आणि सकाळी अंथरुणासकट सगळं भिजवते. तरी दोनच्या सुमाराला माझा हात जातो. कधी ती जागी होते आणि चिडून रडते. मग मी मोबाईलचा उजेड धरून आधी तिच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते बघते, आणि मग तिला उचलून घेते.