आमची वाटचाल : मणी आधी आमच्याकडे उबले

आमच्या गेमच्या रिव्ह्यूजमध्ये आजही अधूनमधून कोणीतरी लिहून जातं, "व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सचा अजून एक क्लोन". म्हणजे व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या गाजलेल्या गेमची आम्ही नक्कल केली, असा आरोप. दरवेळी हात शिवशिवतात पण मी उत्तर देत नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतोय.

2021 च्या मध्यावर आम्ही दोघांनी गेम बनवायला नोकऱ्या सोडल्या. कोड पार्टनरचा, आर्ट आणि बॅलन्सिंग (कोण किती ताकदवान ते ठरवणं) माझं. तेव्हा फोनवर मॅजिक सर्व्हायव्हल नावाचा गेम खेळायचो, हत्यारं आपोआप चालतात, आपण फक्त पळायचं, आणि आम्हा दोघांना त्यातच काहीतरी मोठं दिसलं. नेम धरायचं काम काढून घेतलं की खेळणाऱ्याकडे दोनच गोष्टी उरतात, उभं कुठे राहायचं आणि लेव्हल वाढली की काय उचलायचं. शत्रूंची गर्दी आणि पर्क्स (लेव्हल वाढली की निवडायच्या खास शक्ती) तर 2003 च्या क्रिमसनलँडमध्येही होते, फक्त तिथे नेम आपला आपण धरायचा. म्हणजे हा प्रकार एका रात्रीत एकाच डोक्यातून आलेला नाही, हे आधी समजून घ्या.

मग 17 डिसेंबर 2021 ला व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानावर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, विक्रीला आला आणि जानेवारीत जो उसळला तो आपण सगळ्यांनी पाहिलाच. पार्टनरचा रात्री फोन आला, "अरे, हे तर आपलंच आहे." मी म्हटलं, आपलं नाही, पण आता आपल्याला कोणाला समजावत बसावं लागणार नाही. तो बनवणाऱ्या लुका गालान्तेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. जुगाराच्या गेम्सच्या धंद्यात काम केलेला माणूस, गेममधली बक्षिसाची पेटी उघडताना हात कुठे थांबतो हे त्याला नेमकं माहीत होतं. पुढे मार्च 2023 मध्ये एल्डन रिंग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक शर्यतीत असताना बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांमधलं बेस्ट गेम त्यालाच मिळालं, तेव्हा आम्ही दोघं उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

पण 2022 मध्ये या प्रकाराला नाव सुद्धा धड नव्हतं. कोणी ऑटो-शूटर म्हणे, कोणी बुलेट हेवन, आता सर्व्हायव्हर्स-लाइक बऱ्यापैकी रुळलंय. डूम या बंदुकांच्या जुन्या गेमनंतर आलेल्या शूटर्सनाही कितीतरी वर्षं डूम क्लोनच म्हणायचे, एफपीएस (फर्स्ट-पर्सन शूटर) हे नाव नंतर बसलं. नाव बसेपर्यंत जे काम करतात त्यांच्या वाट्याला क्लोन हा शब्द येतो.

आता मण्यांबद्दल. या गेम्समध्ये शत्रू मेला की एक्सपीचा (लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा) मणी पडतो, आणि सरावलेला खेळाडू तो लगेच उचलत नाही, जमिनीवर साठवून ठेवतो आणि गरज पडली की चुंबकाने एकदम ओढतो. त्यात धोका काहीच नाही, आणि ते मला खटकत होतं. म्हणून आम्ही ठरवलं की न उचललेला मणी 40 सेकंदांनी अंड्यासारखा उबणार आणि त्यातून मूळ शत्रूपेक्षा मोठा शत्रू बाहेर पडणार. म्हणजे जमिनीवर पडलेला प्रत्येक मणी हा हिशोब झाला, आत्ता घेऊ की परत येऊन घेऊ. एस्प्राइट या पिक्सेल चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मण्यावर मी किती रात्री घालवल्या ते सांगून खरं वाटणार नाही. 8 बाय 8 पिक्सेल, चार फ्रेम. पहिल्या दोनमध्ये नुसती चमक, तिसऱ्यात वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे जाणारा एक पिक्सेल जाडीचा तडा, चौथ्यात तडा लाल. त्या लाल रंगाची छटा बाकी कुठल्याही शत्रूला द्यायची नाही असा नियम, नाहीतर गर्दीत मणी दिसतच नाही.

डेमो आम्ही जून 2022 मध्ये टाकला आणि तो तसाच चालू ठेवला, ऑक्टोबरच्या नेक्स्ट फेस्टपर्यंत (स्टीमचा डेमोंचा महोत्सव). ही चूक. आमचा गेम फेब्रुवारी 2023 मध्ये यायचा होता आणि जानेवारीत दुसऱ्या एका स्टुडिओचा गेम आला. नाव घेत नाही. त्यात मणी उबत होते. 40 सेकंदांनीच. आणि तडा वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे. कल्पना कोणाच्या मालकीची नसते हे मलाही कळतं, गेमच्या नियमावर कॉपीराइट नसतो, पण माणूस तडा तरी उलटा काढेल ना. आम्ही लॉंच झालो तेव्हा रिव्ह्यूत आम्हालाच सांगितलं गेलं की तुम्ही त्यांचं उचललंय. आमचा डेमो सात महिने आधीचा होता हे सांगितलं तर लोक म्हणतात पुरावा द्या, पुरावा दिला तर म्हणतात रडू नका. अजूनही ते आठवलं की जेवण जात नाही.

त्यात भर म्हणून गेम अडखळायला लागला. आमच्या मशीनवर लोण्यासारखा चालायचा, जुन्या लॅपटॉपवर साधारण चौदाव्या मिनिटाला सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स एक आकड्यावर. दोन तासांच्या आतला गेमप्ले असला की स्टीमवर रिफंड मिळतो, आणि आमचा माणूस चौदाव्या मिनिटालाच उठून जात होता. पहिल्या दोन आठवड्यांत रेटिंग मिक्स्डवर (संमिश्र) आलं, साठवलेले पैसे दोन महिन्यांचे उरले, पार्टनरने जुन्या ऑफिसला मेलही करून ठेवला होता. त्याच सुमारास आम्ही वापरत होतो त्या गोडो इंजिनचं व्हर्जन 4 आलं आणि मी म्हणत होतो सगळं तिकडे नेऊ. पार्टनर नाही म्हणाला. त्याचंच बरोबर होतं. तुम्हालाही सांगतो, घर जळत असताना इंजिनचं व्हर्जन बदलायला जाऊ नका.

आम्ही शत्रूंवर संशय घेत होतो. प्रत्येक शत्रू स्वतंत्र फिजिक्स बॉडी होता, म्हणजे त्याच्या हालचालीचा आणि टकरींचा हिशोब इंजिन वेगळा करायचं, ते काढून पोझिशन्स साध्या अ‍ॅरेमध्ये घेतल्या, मल्टीमेशने (एकसारखी खूप चित्रं एका फटक्यात काढायची गोडोची सोय) एकत्र काढायला लागलो, टक्कर तपासायला मैदानाचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या चौकोनातले शत्रू बघायचे असं केलं. फरक पडला, पण चौदावं मिनिट हटेना.

तेव्हा तो माणूस आला. डेमोपासूनचा खेळाडू, जुना लॅपटॉप, नवीन घ्यायची ऐपत नाही असं त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहिलं होतं. रिफंड मागायच्या ऐवजी त्याने वहीत नोंदी केल्या आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवले. एक ओळ मला पाठ आहे, "14:32, शत्रू कमी आहेत, मणी 600 च्या वर, पंख्याचा आवाज वाढला." शत्रू कमी आहेत! आम्ही महिनाभर चुकीच्या जागी खणत होतो. प्रत्येक मण्याला उबण्यासाठी स्वतःचा टायमर नोड होता, 600 मणी म्हणजे 600 टायमर. खरं तर सगळे मणी 40 सेकंदांनीच उबतात, म्हणजे जो आधी पडला तोच आधी उबणार, मग एकच रांग पुरते, दर फ्रेमला फक्त रांगेच्या तोंडाशी बघायचं. पार्टनरने एका दुपारीत ते लिहिलं. प्रोफायलरमधली (कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन) ती रेष सपाट झालेली बघून आम्ही कितीतरी वेळ काही बोललोच नाही. पॅच टाकल्यावर त्या माणसाचा मेसेज आला, "14:32. पंखा शांत." क्रेडिट्समध्ये त्याचं नाव आमच्या दोघांच्याही वर आहे, त्याला विचारून टाकलंय.

म्हणून नवीन लोकांना सांगतो, स्वतःच्या चांगल्या मशीनवर टेस्ट करून समाधान मानू नका, घरात सापडेल तो सगळ्यात रडका लॅपटॉप टेबलावर कायम ठेवा. आणि डॅमेजचे बोनस एकमेकांशी गुणत बसू नका, बेरीज करा, विसाव्या मिनिटानंतर आकड्यांची स्प्रेडशीट हातात राहत नाही.

एप्रिलनंतर रेटिंग चढत गेलं, नंतरच्या वर्षांत अपडेट आले, कंट्रोलर सपोर्ट आला, दोन नवीन मुलं टीममध्ये आली, ठीक चाललंय. मधल्या काळात ब्रोटॅटोने वीस लाटा आणि मधे दुकान असं करून दाखवलं, डीप रॉक गॅलॅक्टिक सर्व्हायव्हरने खाणकाम आणलं, प्रकार वाढतोय आणि ते बघून मनापासून बरं वाटतं. त्या दुसऱ्या स्टुडिओने त्यांच्या गेमला लॉंचनंतर एकही अपडेट दिला नाही, त्यांच्या मंचावर लोक अजून वाट बघतायत, आणि मला त्या खेळाडूंचं जास्त वाईट वाटतं.

दुसरा गेम अर्धा झालाय. मुख्य कल्पना कागदावर आहे आणि कागद पार्टनरकडे आहे. डेमो यावेळी फेस्टच्या आदल्या आठवड्यातच येईल, त्याआधी मागू नका. वहीवाल्याला मात्र बिल्ड (खेळता येणारी कच्ची प्रत) गेल्या महिन्यातच पाठवलाय.