जिप्सीचा शोध, पुढची नोंद: आधी चासी, मग बाकीचं

मंडळी, जुनी मारुती जिप्सी (फोर बाय फोर जीप) घ्यायची म्हणून गेल्या नोंदीनंतर दोन गाड्या पालथ्या घालून झाल्या. एक रत्नागिरीकडची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी) किंग, दिसायला नटलेली. दुसरी कराडजवळची, लष्कराच्या लिलावातून आलेली, तीही किंगच. पण तिच्याकडे बघवत नाही. टोकन दुसरीला दिलं. घरचे अजून तोंड वाकडं करून आहेत.

नव्या भिडूंसाठी थोडक्यात: १९८५ ला आली ती ९७० सीसीची जिप्सी, १९९६ ला १२९८ सीसीची किंग, २००० ला एमपीएफआय आणि २०१९ ला सामान्य ग्राहकांसाठी विक्री बंद. सगळ्यांत शिडीसारखी चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि चारी चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). इंजिन दमलं तर उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्सही बांधता येतो. पण आरसीवरचा नंबर चासीवर कोरलेला असतो. ती कुजली की चासी बदला, आरटीओत खेटे घाला, आणि तरी काम होईलच असं नाही. म्हणून मी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो.

रत्नागिरीच्या गाडीखाली चटई टाकून शिरलो तर सगळीकडे ताजं काळं कोटिंग, बोटाला चिकटणारं. विकायच्या आठवड्यात कुणी हौसेनं कोटिंग मारत नाही. जिप्सीची चासी आतून पोकळ असते. भोकांतून चिखल आत जातो, तिथेच ओला राहतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग चकाचक, आत पत्रा पापडासारखा. भोकात बोट घातलं तर पापुद्रे हातात आले. मग छोट्या हातोडीनं पुढून मागे ठोकत गेलो. ठण, ठण, ठण... आणि मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी (पाटा चासीला जोडणारी कडी) भद्द. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, टोक सरळ आत.

मालक काका बोलके निघाले. गाडी बरीच वर्षं जेटीवरून मासळी आणायला होती म्हणे. बर्फाचं खारं पाणी मागच्या फ्लोअरवरून वाहत थेट चासीवर. "चासीला काय होत नाही हो भाऊ, लोखंड आहे ते," काका म्हणाले. मागच्या चाकावरच्या कोपऱ्याला चुंबक लावला, तो घसरून खाली पडला. पत्र्याच्या जागी सगळी लांबी (पुट्टी) भरलेली. चहा घेतला आणि निघालो.

कराडची गाडी उलट. विंडशील्डच्या फ्रेमचे खालचे कोपरे फुगलेत, बॅटरीखालचा ट्रे ॲसिडनं खाल्लाय, रबरी मॅटखाली फ्लोअर लाल. पण वायर ब्रश मारला की खाली धातू लागतो. चासीवर जाड हिरवा रंग, आणि हातोडी टोकापासून टोकापर्यंत एकच सूर. बॉडीचा पत्रा टिंकरिंगवाल्याचं काम, त्याची मला भीती नाही.

यांत्रिक बाजू मात्र भरपूर रडतेय. मी पोचेपर्यंत इंजिन चालू करू नका, असं आधीच बजावलं होतं. स्टार्टचा धूर गार इंजिनातच नीट कळतो, म्हणून गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून गार असल्याची खात्री केली. स्टार्टला निळा धूर, मग साफ. बहुतेक व्हॉल्व्ह सील. चढावर जोर दिल्यावरही धूर आला असता तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घेतला असता. टायमिंग बेल्ट कधी बदलला कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे तो आधी बदलायचा.

फोर बाय फोर मातीतच तपासायचं. जिप्सीला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नाही, डांबरावर वळवली की सगळी ट्रान्समिशन आखडते. उसाच्या फडाशेजारच्या मातीच्या रस्त्यावर हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कळ) लॉक करायला गेलो तर डावा हब फिरेचना. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नसणार. तेल मारून, फडक्यात पकडून शेवटी फिरवला. फोर-लोमध्ये (फोर बाय फोरचा संथ, जोरदार गिअर) ॲक्सिलरेटर सोडला की लिव्हर बाहेर उडी मारतेय. खाली वाकून पाहिलं तर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) रबरी माउंट फाटलेले, अख्खी केस हलते. आधी माउंट टाकणार. तरी उडी मारली तर केस उघडायची.

पुढच्या नकलच्या (पुढचं चाक वळवणारा सांधा, इंग्रजीत knuckle) गोळ्यांमागे ग्रीस आणि तेलाचा रबडा झालाय. आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं, तेच हे. ताशी साठच्या आसपास स्टिअरिंगही थरथरतं. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं, प्ले जाणवला. मग मित्राला ब्रेक दाबून धरायला लावला. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर चाकाचं बेअरिंग. इथे तो तसाच राहिला, म्हणजे किंगपिन (नकल ज्यावर वळतं ती खीळ). ही युक्ती जुन्या मेकॅनिकांची, फुकट आणि बिनचूक.

एवढी यादी मालकापुढे ठेवल्यावर भाव बराच खाली आला. चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला, जुळतो. नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर माझ्याकडे, ट्रान्सफरचे कागद त्यांच्याकडे.

गाडी आली की पहिल्यांदा नकल उघडतोय. किंगपिनचे शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) मोजून बसवणारा कुणी पुण्याच्या आसपास माहीत असेल तर सांगा. आणि नकलचं फेल्ट सील बाजारातलं चालतं का, की कंपनीचंच शोधत बसू?