३१ मार्च आणि तलावातलं पाणी

पीथमपूरच्या एका कारखान्याच्या सीएसआर निधीतून (म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्चायचा पैसा) आमच्या इंदूरच्या छोट्या संस्थेने एका गावतलावाचा गाळ काढला, त्याची ही हकीकत. कागदपत्रांनी फार छळलं नाही. आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी होती, तीन वर्षांचं काम दाखवता येत होतं, आणि असं काम घेणाऱ्या संस्थांना २०२१ पासून लागणारा सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म आमच्या सीएंनी भरून दिला.

घोडं अडलं ते तारखेवर. मंजुरी आली जानेवारीत. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के त्या-त्या आर्थिक वर्षात खर्च व्हायला हवेत. त्यामुळे कारखान्यातल्या मॅडमचा (आपल्याच, नाशिककडच्या) सारखा फोन, "काका, मार्चअखेर बिलं लागतील हो!" इकडे तलावात पाणी, आणि गव्हाच्या शेवटच्या पाळ्या त्याच्यावरच. गहू निघेपर्यंत पोकलेन उतरू देणार नाही, असं सरपंचांनी बजावलं. त्यांचं काय चुकलं? गाळ मे महिन्यात, तळ उघडा पडल्यावर काढायचा असतो.

बिलं आत्ता घ्या, काम उन्हाळ्यात करा, असंही एकाने सुचवलं. उभा जन्म बँकेत गेलेल्या माणसाला हे सांगू नये.

वाट कायद्यातच निघाली. काम वर्षापलीकडे जाणार असेल तर संचालक मंडळ ते 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजूर करू शकतं. मग न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट खात्यात जाते आणि पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. काम सुरू झाल्याचं मात्र कागदावर दिसायला हवं. म्हणून फेब्रुवारीत तलावाची मोजणी उरकली आणि ग्रामसभेचा ठराव घेतला. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. पुढे जे बांधकाम होईल ते पंचायतीचं, हेही त्यातच लिहून घेतलं. कारखान्याने आपला बोर्ड तेवढा मार्चमध्येच लावला, भरल्या तलावाच्या काठावर!

मे महिन्यात पोकलेन लागलं. गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॉल्यांनी शेतात नेला, त्यामुळे वाहतुकीचे पैसे वाचले. त्या शिलकीतून पुढच्या उन्हाळ्यात फुटका सांडवा बांधून घेतला.