लॅटेक्सची गादी घेताना: आधी चेन उघडा, मग रिव्ह्यू वाचा

लॅटेक्स गादीचा कोणता ब्रँड चांगला, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नसतो. लॅटेक्स ओतून गाभे बनवणारे कारखाने मोजके आहेत. तेच गाभे विकत घेऊन, कापून, खोळ चढवून आपल्या नावाने विकणारे ब्रँड मात्र ढीगभर. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गाद्यांत एकाच कारखान्याचा माल निघू शकतो, आणि एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. विक्रेत्याला विचारायचं ते आत काय भरलंय हे. आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याबद्दल जाणून घ्यायचं ते तो कसा झोपतो, किती वजनाचा आहे आणि किती महिन्यांनी लिहितोय हे.

आतल्या मालापासून सुरुवात करू. लॅटेक्स दोन प्रकारचं: रबराच्या झाडाच्या चिकापासून बनलेलं नैसर्गिक, आणि स्टायरीन-ब्युटाडाईनपासून बनलेलं सिंथेटिक. दोन्ही मिसळलं की ब्लेंड. लेबलवर "१०० टक्के लॅटेक्स" लिहिलं असेल तर त्यात सिंथेटिकही आलं. त्या वाक्यात खोटं काहीच नाही. "नैसर्गिक लॅटेक्सयुक्त" म्हणजे तर किती टक्के याचा पत्ताच नाही. सगळ्यात मोठी फसगत होते ती "लॅटेक्स मॅट्रेस" एवढ्याच नावाने. वर एक इंच लॅटेक्स, खाली पाच इंच साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम किंवा रिबॉन्डेड (फोमचे तुकडे चिकटवून बनवलेला), आणि खोळ अशी शिवलेली की आत डोकावताच येऊ नये. पूर्ण नैसर्गिक गाभ्यातही गंधक, झिंक ऑक्साइड, साबण असे काही टक्के पदार्थ असतातच, त्यांच्याशिवाय फोम बनतच नाही. तेव्हा "यात रसायनं अजिबात नाहीत" असं कोणी सांगितलं, तर त्याला एकतर माहिती नाही किंवा तो थापा मारतोय.

बनवण्याच्या पद्धती दोन. डनलॉप पद्धतीत लॅटेक्स घुसळून त्यात हवा भरतात, साच्यात ओततात आणि वाफेवर पक्कं करतात. जड कण थोडे खाली बसतात, म्हणून डनलॉपची एक बाजू किंचित कडक लागते. गाभा जास्त कडक किंवा मऊ वाटला तर चेन उघडून तो उलटा करून बघण्यात तोटा काही नाही. टालले पद्धतीत साचा अर्धवट भरून हवाबंद करतात, निर्वात करून मिश्रण फुगवतात, गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मग तापवतात. याचा पोत एकसारखा, उसळी जास्त आणि वजन कमी. टाललेमध्ये ब्लेंड पुष्कळदा आढळतो, तेव्हा "टालले आहे" म्हणजे "नैसर्गिक आहे" असं धरून चालू नका. माझं मत विचाराल तर खालचा गाभा डनलॉप आणि वरचा थर आवडीप्रमाणे डनलॉप किंवा टालले, ही जोडी बहुतेकांना चालते. टाललेचा जास्तीचा खर्च गाभ्यात घालण्यात मला मुद्दा दिसत नाही.

वजन करा

दुकानात किंवा गादी घरी आल्यावर करता येईल अशी सोपी परीक्षा म्हणजे वजन. नैसर्गिक डनलॉपची घनता साधारण ७५ ते ९५ किलो प्रति घनमीटर असते. ७८ × ६० इंची, सहा इंच जाड गाभ्याचं घनफळ होतं सुमारे ०.४६ घनमीटर. ८० च्या घनतेने वजन भरतं जवळपास ३७ किलो, खोळ वेगळी. हीच गादी वर एक इंच लॅटेक्स आणि खाली ३२ घनतेचा पाच इंच पीयू फोम अशी असेल, तर वजन साडेअठरा किलोच्या आसपास येईल. एकट्या माणसाने सहज खांद्यावर टाकून जिना चढवला, तर शंका घ्यायला जागा आहे. (टालले हलकं असतं, तिथे हा हिशोब कमी घनता धरून करायचा.)

पण ही परीक्षा एकाच बाजूने चालते. हलकी गादी संशयास्पद, हे खरं. जड गादी अस्सल, हे मात्र खरं नाही. लॅटेक्समध्ये चुना-खडूसारखा भराव घालून वजन वाढवता येतं, आणि रिबॉन्डेड फोम तर मुळातच जड असतो. भराव घातलेला फोम काही वर्षांत कोरडा पडून कडांना भुगा सुटायला लागतो. म्हणून वजनानंतर चेन. ज्या गादीला चेन नाही आणि विक्रेता आतला थर दाखवायला तयार नाही, ती गादी मी तरी यादीतून काढून टाकेन. चेन उघडली की बघायचं ते असं: खोळ काढून प्रत्येक थराची जाडी टेपने मोजा, कारण "आठ इंची" गादीतला एक-दीड इंच अनेकदा खोळीचं क्विल्टिंगच असतं. साच्यातल्या खिळ्यांची भोकं लॅटेक्सला असतात. ती प्रत्येक थरात दिसतात का, की फक्त वरच्या इंचभरात? अंगठ्याने दाबून सोडलं तर लॅटेक्स ताबडतोब वर येतं, अंगठ्याचा ठसा रेंगाळत नाही. मोठ्या मापात दोन तुकडे चिकटवलेले असतील तर घाबरू नका, तसं करतात; फक्त सांध्यावरून हात फिरवा, सुकलेल्या डिंकाची कडक रेघ लागते का बघा. रंगावरून मात्र काही ठरवू नका. जाळून बघण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका.

कडकपणाचा आकडा म्हणजे आयएलडी. ५० चौरस इंचांची गोल चकती फोममध्ये त्याच्या जाडीच्या २५ टक्के खोल रुतवायला किती पाउंड जोर लागतो, ते हा आकडा सांगतो. ढोबळमानाने १४ ते १९ मऊ, २० ते २६ मध्यम, २८ ते ३५ कडक आणि त्यापुढे फारच कडक. काही कारखाने ४० टक्क्यांवर मोजतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका. एकाच कंपनीच्या मॉडेलांची तुलना करायला ते ठीक. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कंबरेचं हाड रुतायला दोन-तीन इंचांचा मऊ थर लागतो, नाहीतर सकाळी हात बधिर. उताणं झोपणाऱ्याला मध्यम पुरतं. पालथं झोपणाऱ्याला कडकच हवं, कारण पोट खाली गेलं की कंबरेला बाक येतो. ६० किलोच्या आतला माणूस सहसा वरच्या थरावरच तरंगतो, खालचा गाभा त्याला कळतही नाही. ९० च्या वरचा माणूस थेट गाभ्यापर्यंत पोचतो. दोघं एकाच गादीवर झोपणार असतील आणि वजनात बराच फरक असेल, तर वरचा थर मधोमध दोन वेगळ्या कडकपणाचा मिळतो का, ते विचारा. "सात झोनची" गादी म्हणजे भोकांचा आकार जागोजागी बदललेला. हे झोन सरासरी उंचीवर बेतलेले असतात. फार बुटक्या किंवा फार उंच माणसाचा खांदा आणि कंबर चुकीच्या झोनवर येऊन बसतात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

रिव्ह्यू कसे चाळायचे

इथे खरी मेहनत आहे. बहुतेक कंपन्या रिव्ह्यू मागतात तो गादी आल्यावर थोड्याच दिवसांत. त्या रिव्ह्यूत डिलिव्हरी, पॅकिंग, वास आणि पहिल्या काही रात्रींचा आनंद एवढंच असतं. लॅटेक्स बिघडतं ते वर्षांच्या हिशोबाने: मधला भाग मऊ पडतो, कडा कोरड्या होतात, भुगा निघतो. म्हणून तारा मोजण्याऐवजी रिव्ह्यूंत "वर्ष", "महिने", "खड्डा", "भुगा", "वॉरंटी", "बदलून" हे शब्द शोधा. पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू बहुतेक पहिल्या आठवड्यातले आणि एक ताऱ्याचे बरेचसे कुरियरवरच्या रागाचे. कामाचं सापडतं ते दोन ते चार ताऱ्यांत.

"एकदम भारी गादी, झोप मस्त, डिलिव्हरी वेळेत." यातून हाती काहीच लागत नाही. आता हा नमुना बघा: "वजन ८५, कुशीवर झोपतो, आठ इंची मध्यम घेतली, फळ्यांच्या पलंगावर, १४ महिने झाले, कंबरेपाशी बोटभर मऊ पडलीय." तारे तीनच असतील, पण शरीर, झोपायची पद्धत, मॉडेल, पलंग आणि काळ या पाचही गोष्टी त्यात आल्या. तुमचं वजन ५५ आणि तुम्ही उताणं झोपत असाल, तर ही तक्रार तुम्हाला कदाचित लागूच होणार नाही.

तक्रारीचा अर्थ लावायला थोडा सराव लागतो. "फार कडक" म्हणणारा हलका आहे का, कुशीवर झोपतो का, आणि त्याने वर जाड वॉटरप्रूफ प्रोटेक्टर ताणून बसवलाय का? ताणलेल्या प्रोटेक्टरमुळे लॅटेक्सची लवचीकता मारली जाते. "गरम होते" याचंही कारण पुष्कळदा तोच प्रोटेक्टर. "वास येतो" यात रबराचा गोडसर वास असेल तर तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातो. थिनरसारखा झणझणीत वास असेल तर बहुधा थर चिकटवायचा डिंक. "तीन रात्रींत पाठदुखी गेली" याचा अर्थ बहुधा जुनी गादी पार बसली होती आणि कुठल्याही सपाट नव्या गादीने हेच झालं असतं. "खड्डा पडला" हे वाचलं की पहिला प्रश्न पलंगाचा. फळ्यांमधलं अंतर तीन इंचांहून जास्त असेल किंवा मोठ्या पलंगाला मधला आधार नसेल, तर जड लॅटेक्स खाली झुकतंच.

एकाच पानावर सहा इंची, आठ इंची, मऊ, कडक, कधीकधी उशीसुद्धा, अशा सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र केलेले असतात. कोणता प्रकार घेतला ते प्रत्येक रिव्ह्यूखाली तपासा. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला पुरवठादार किंवा थरांची रचना बदलली जाते, म्हणून चार वर्षांपूर्वीचं कौतुक आजच्या गादीचं असेलच असं नाही. तुलना करणाऱ्या वेबसाइटांना लिंकमागे कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण ज्या लेखात घनता, थरांची जाडी आणि फोम कुठून येतो यांचा उल्लेखच नाही आणि सगळ्याच गाद्यांना साडेचारच्या वर गुण, तो जाहिरात समजून वाचावा. कंपनीने तक्रारीला दिलेलं उत्तरही बघा. "गाभ्याचा आणि पलंगाचा फोटो पाठवा, खोली मोजून कळवा" असं विचारणारे काहीतरी करतात. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" हेच वाक्य तीस तक्रारींखाली चिकटवलेलं असेल, तर पुढे काय होणार ते उघड आहे.

प्रमाणपत्रांचंही असंच. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे घातक पदार्थांची चाचणी झाल्याचं सांगतं. माल नैसर्गिक किंवा सेंद्रिय आहे असं ते म्हणत नाही. सेंद्रिय लॅटेक्ससाठी जीओएलएस आहे, सेंद्रिय कापसाच्या खोळीसाठी जीओटीएस. प्रमाणपत्रावर क्रमांक असतो, तो देणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून बघा: कोणाच्या नावावर आहे, मुदत संपलीय का, आणि ते पूर्ण गादीचं आहे की फक्त खोळीचं. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी प्रमाणपत्राच्या भरवशावर न राहता आधी डॉक्टरांशी बोलावं.

गादी घरात आल्यावर दोन गोष्टी जपायच्या. एक, ऊन. कापसाच्या गादीसारखं लॅटेक्सला ऊन दाखवायचं नाही. अतिनील किरणांनी ते पिवळं पडून कडक होतं आणि चुरा व्हायला लागतं. हवा द्यायची तर सावलीत, गादी उभी न करता. दोन, ओढाताण. लॅटेक्स दाब सहन करतं पण ताण सोसत नाही. उघड्या गाभ्याची कड धरून ओढली तर फाटते. दोघांनी खालून हात घालून उचला. पलंगावर सलग प्लायवूड असेल तर त्याला भोकं पाडून घ्या, नाहीतर खालच्या बाजूला दमट राहून बुरशी धरते.

वॉरंटीच्या वर्षांपेक्षा खड्ड्याची व्याख्या वाचा. वजन नसताना किती खोल खड्डा पडला तर दावा चालेल, हे लिहिलेलं असतं. कुठे एक इंच, कुठे दीड. नुसतं मऊ पडणं सहसा त्यात धरत नाहीत, आणि खोळीवर डाग असेल तर दावा फेटाळायला तेवढं निमित्त पुरतं, म्हणून पातळ, सहज ताणला जाणारा प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून घाला. काही वॉरंट्यांत ठरावीक वर्षांनंतर बदली गादीच्या किमतीचा वाढता हिस्सा तुमच्याकडून घेतात. "२० वर्षं" या मोठ्या अक्षरांखाली ते बारीक अक्षरात असतं. गादी रोल होऊन आली असेल तर एक-दोन दिवस उघडी राहू द्या, मग डोक्यापासून पायापर्यंत आणि आडवी अशी दोरी ताणून, मध्यभागी पट्टी उभी धरून फोटो काढा, म्हणजे गादी सुरुवातीला सपाट होती याचा पुरावा राहतो. बिल, लेबल आणि फळ्यांमधलं अंतर दाखवणारा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.