घराचा विमा समजत होतो, तो कर्जाचा निघाला

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, नदी लांब. पण त्याच पावसात एका रात्री गल्लीतल्या गटाराचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं. सकाळी आई पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या मागावरच्या चादरी काढून पिळत बसली होती. पिळेल तेवढं मातकट पाणी निघत होतं.

मी तिला म्हटलं, "आई, काळजी करू नको, घराचा विमा आहे." गृहकर्ज घेताना त्याचे पैसे कापले होते, कागद फाइलीत होता. तो आठ वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचला. कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज फेडणारा तो विमा होता. भिंत, दार, फ्रिज यांचं त्यात नावही नव्हतं. तो विमा वाईट नाही, उद्या माझं काही झालं तर बायकोवर हप्ते येणार नाहीत. पण सही घेताना हा फरक कुणी सांगितला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. त्या पावसाचा सगळा खर्च खिशातून झाला.

शेजारचे काका विमा कंपनीतून निवृत्त झालेत. त्यांनी सांगितलं, "कुठल्याही कंपनीत जा, 'भारत गृह रक्षा' माग." घरासाठीची ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळीकडे सारख्याच अटींची मिळते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं त्यात येतं. भूकंप ऐकून आई म्हणाली, "किल्लारीच्या पहाटे आपली मांडणीवरची भांडी खाली आली होती की." 1993 ची ती पहाट आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

खरा घोळ रकमेत झाला. मी अर्जात 45 लाख लिहिले, कारण गल्लीत घरं त्या भावाने विकली जातात. समोरच्या अधिकारी बाईंनी आकडा खोडला. "सर, जागा जळत नाही. बांधायला किती लागेल ते सांगा." चटई क्षेत्र 900 चौरस फूट, आमच्या मिस्त्रीचा बांधकामाचा दर 1,800 रुपये, म्हणजे 16 लाख 20 हजार. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख 24 हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं. त्याची वरची मर्यादा 10 लाख आहे. दागिने मात्र यात नाहीत, त्यांचं कलम वेगळं घ्यावं लागतं. चोरीचंही तसंच. पूर, आग असं काही घडलं आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली, तरच ती यात धरतात. गड्ड्याच्या यात्रेला गेलो आणि मागे कुणी कुलूप फोडलं, तर त्याला घरफोडीचा वेगळा विमा लागतो. जुन्या गळतीची ओल, झिजलेलं प्लास्टर, रोख रक्कम यांचं काही मिळत नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात काही व्यवसाय?"

जिन्याखाली बायकोच्या दोन शिलाई मशीन आहेत. गणवेशाचं जॉबवर्क असतं, जूनच्या आधी कापडाचे गठ्ठे पलंगापर्यंत येतात. माझ्या तोंडात "नाही" आलंच होतं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, खरं सांगा. उद्या गठ्ठेच भिजले तर?" सांगितलं. बाईंनी अर्जात तशी नोंद केली. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे, त्यामुळे मशीन आणि कापड घरगुती सामानात धरता येणार नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' वेगळी घ्या, असं त्या म्हणाल्या. पूर्व भागात घराला लागून माग किंवा मशीन असलेली घरं कितीतरी आहेत. त्यांनी हा प्रश्न कुणी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगावं. दाव्याच्या वेळी सर्व्हेयर घरात येतो तेव्हा जिन्याखालचं त्याला दिसतंच.

घराच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता आमच्या उन्हाळ्यातल्या एका वीजबिलापेक्षा कमी आला. दोन्ही पॉलिसी घेतल्या. प्रत्येक खोलीचे, मशीनच्या नंबरचे, फ्रिजच्या बिलाचे फोटो काढून पुण्यातल्या बहिणीच्या फोनवरही पाठवून ठेवलेत. बायकोच्या पोहेहाराचं मूल्यांकन तेवढं राहिलंय. सराफाने पाडव्यानंतर या म्हणून सांगितलंय.