ओट्यावरचा डबा आणि क्रिएटिनीनचा आकडा

दिवाळीनंतर केलेल्या रक्ततपासणीत माझे क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा आकडा, १.४ आले. सहा महिन्यांपूर्वी ते ०.८ होते. वजन कमी करण्यासाठी मी टिर्झेपेटाइडचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा घेत होते आणि शहाण्णव किलोंवरून त्र्याऐंशीवर आले होते. हे औषध भारतात २०२५ च्या मार्चमध्ये मिळू लागले आणि मी ते मे महिन्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू केले. अहवाल पाहून डॉक्टरांनी विचारले, "याशिवाय दुसरे काही घेता का?" मी तत्काळ "नाही" म्हणाले. घरी येऊन चहाचे आधण ठेवताना ओट्यावरचा क्रिएटिनचा, म्हणजे स्नायूंसाठी व्यायामासोबत घेतात त्या पावडरीचा, डबा दिसला आणि माझे उत्तर चुकले होते हे लक्षात आले. तो डबा औषधाच्या दुकानातून आणलेला नव्हता, त्याला चिठ्ठी लागली नव्हती, त्यामुळे तो "काही घेणे" या सदरात मोडतो हे माझ्या मनातच आले नव्हते.

ही चूक अनेकांकडून होत असावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डबा घरात आला कशासाठी, हे आधी सांगते. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. त्यातील काही जणांचे शरीर स्कॅनवर मोजले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे चाळीस टक्के भाग चरबीखेरीजच्या ऊतींचा असल्याचे दिसले. टिर्झेपेटाइडच्या चाचणीत हाच भाग सुमारे एक चतुर्थांश होता. त्यात पाणी आणि इतर ऊतीही धरलेल्या असतात, त्यामुळे तो सगळाच स्नायू समजू नये, पण आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ असाच होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. आपली स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते, त्यामुळे तीही उतरू लागली तर चालता-उठताना जाणवते. मला ते पाच लिटरच्या कुकरने जाणवून दिले. भरलेला कुकर एका हाताने उचलून शेगडीवर ठेवण्याची माझी वर्षानुवर्षांची सवय होती, आणि सप्टेंबरमध्ये एका सकाळी तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

त्याच आठवड्यात मी व्यायामशाळेत वजने उचलायला सुरुवात केली आणि प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून क्रिएटिन मोनोहायड्रेट आणले. पदार्थ म्हणून त्याच्याबद्दल माझे मत आजही चांगले आहे. ते अन्नातून मुख्यतः मांस आणि मासळीतून मिळते, त्यामुळे माझ्यासारख्या शाकाहारी व्यक्तीच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. व्यायामाची जोड असेल तर दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतात. घोळ झाला तो मापात. डब्यातला चमचा शिगोशीग भरून घ्यायचा असे मला सांगितले होते. नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर सपाट चमचा पाच ग्रॅमचा आणि शिगोशीग भरलेला आठ ग्रॅमचा निघाला.

आता आकड्याकडे वळते. शरीरातील क्रिएटिनपैकी सुमारे दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनीनमध्ये बदलते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. क्रिएटिन वरून घेतले की रक्तातील क्रिएटिनीन थोडे वाढू शकते, आणि मूत्रपिंड धडधाकट असूनही अहवालात ते बिघडल्यासारखे दिसते. एवढेच असते तर काळजीचे कारण नव्हते. परंतु वजनाच्या या औषधांनी मळमळ, उलट्या आणि जुलाब होऊ शकतात, भुकेबरोबर तहानेची जाणीवही मंदावू शकते, आणि शरीरातील पाणी फार कमी झाले तर मूत्रपिंडाला खरोखरच इजा पोहोचू शकते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात माझी मात्रा वाढवली होती आणि तीन दिवस मला उलट्या होत होत्या. म्हणजे निरुपद्रवी कारण आणि धोक्याचे कारण, दोन्ही एकाच वेळी हजर होती आणि कागदावर दोघांचा आकडा एकच होता. डॉक्टरांना डब्याची माहिती नसेल तर ते निष्कारण औषध बंद करतील, आणि मला उलट्यांचे गांभीर्य नसेल तर मी "क्रिएटिनमुळेच असेल" म्हणून खरा बिघाड दुर्लक्षित करीन. यातली दुसरी शक्यता मला अधिक भीतिदायक वाटते.

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सर्व सांगितले. त्यांनी क्रिएटिन बंद केले, पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घेतली. सोबत सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाचीच दुसरी रक्ततपासणीही केली, जिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. क्रिएटिनीन ०.९ आले आणि सिस्टॅटिन सी योग्य मर्यादेत होते. वाढीतला किती भाग उलट्यांचा आणि किती डब्याचा, हे आता सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीपासून आहे, त्यांनी विचारल्याशिवाय क्रिएटिनला हात लावू नये, हेही त्यांनी बजावले.

आणखी एक बाब म्हणजे क्रिएटिन स्नायूंत पाणी धरून ठेवते, त्यामुळे सुरुवातीला काट्यावर एखादा किलो वाढू शकतो. औषध लागू पडेनासे झाले असे समजून मात्रा वाढवून मागण्याचा मोह तेव्हा होतो. मलाही झाला होता.

प्रथिनांच्या पावडरीचा प्रश्न वेगळा आहे. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) केली आहे, तर वजन उतरत असताना स्नायू टिकवण्यासाठी तज्ज्ञ साधारण १.२ ते १.६ ग्रॅम सुचवतात. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे आणि सर्वसाधारण माणसासाठी तो मला पटतो. परंतु इंजेक्शननंतरच्या दोन दिवसांत माझ्या पोटात अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी यापलीकडे काही जात नाही, आणि तेवढ्यात प्रथिनांचा हा हिशेब बसत नाही. म्हणून त्या दिवसांत मी व्हे, म्हणजे दुधातील प्रथिनांची पावडर, घेते, एरवी पनीर, दही, सोयाबीन आणि डाळी. इंजेक्शनचे औषध जठर रिकामे होण्याची गती मंदावते. पहिल्या दिवशी मी सकाळी सात वाजता मोठा पेलाभर व्हे एका दमात प्यायले आणि दुपारी बारा वाजता त्याच चॉकलेटच्या चवीचा आंबट ढेकर आला. आता अर्धा चमचा पातळ करून, दोन वेळा, घोट घोट घेते. कॉन्सन्ट्रेट या साध्या प्रकारच्या व्हेने पोट फुगत होते, लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असलेल्या आयसोलेट प्रकाराने तो त्रास थांबला.

माझा थोरला भाऊ सेमाग्लुटाइडची गोळी घेतो आणि गोळीपाठोपाठ व्हे पीत असे. "दादा, ती गोळी रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर अर्धा तास काहीही चालत नाही," असे मी सांगितले तेव्हा त्याला आश्चर्य वाटले. अन्न लगेच गेले तर गोळीचे शोषण घटते, हे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे.

व्यायामापूर्वी घ्यायच्या उत्तेजक पावडरी आणि "फॅट बर्नर" यांबाबत माझे मत ठाम आहे: या औषधांसोबत त्या घेऊ नयेत. हृदयाचे ठोके औषधानेच थोडे वाढतात, त्यात कॅफिन आणि योहिंबिन यांची भर कशाला? मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर उतरवणारे बर्बेरिनसारखे पूरकही परस्पर सुरू करू नये. डब्यावरचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक उत्पादकाकडे परवाना असल्याचे सांगतो, त्या डब्यात नेमके काय आहे याची तो हमी देत नाही.

जानेवारीपासून क्रिएटिन पुन्हा सुरू आहे, रोज तीन ग्रॅम, काट्यावर मोजून. उलटी झाली त्या दिवशी घेत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आता इंजेक्शनच्या खाली त्यांच्याच अक्षरात "क्रिएटिन ३ ग्रॅम, व्हे अर्धा चमचा दोनदा" असे लिहिलेले आहे आणि त्यापुढे पुढच्या तपासणीची तारीख आहे.